फिती उरल्या, आवाज उरतील काय?

सातारा/सांगली : सातारा व सांगली जिल्ह्यांतील गावांत १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. चळवळ भूमिगत असल्याने तिचा बराचसा इतिहास कागदावर आला नाही. तो सांगणाऱ्यांच्या तोंडीच राहिला. तुफान सेनेचे कुंडल येथील कॅप्टन रामचंद्र लाड यांचे २०२२ मध्ये निधन झाले. ती पिढी आता जवळपास संपली आहे. त्यामुळे अशा वृद्धांच्या आठवणी ज्या घरांत कॅसेटवर उतरवून घेतल्या गेल्या, तेथे त्या फितींना दस्तऐवजाचे मोल आले आहे. जात्यावरच्या ओव्या, भारुडे आणि गावच्या शाहिरांचे पोवाडे यांचीही स्थिती हीच आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात खेडोपाडी पोहोचली. बाजारातील कॅसेटच्या हजारो प्रती निघत. घरी मुद्रित केलेल्या कॅसेटची मात्र बहुधा एकच प्रत असते. ती गेली की आवाज कायमचा गेला.

कॅसेटमधील फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंदीची असते. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय लोहकणांचा लेप चिकटवलेला असतो. दमटपणाने हा चिकटा कमकुवत होतो, बुरशी धरते. उष्णतेने एका वेढ्यावरील ध्वनी शेजारच्या वेढ्यावर अस्पष्ट उमटतो. पश्चिमेकडे सह्याद्रीचा पाऊस आणि पूर्वेकडे माण, जतचा उन्हाळा, असे दोन्ही शत्रू येथे हजर आहेत. त्यात महापुराची भर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांपर्यंत मजल मारली.

खरी अडचण यंत्रांची आहे. चांगल्या प्रतीचे टेपडेक व ते दुरुस्त करणारे कारागीर दुर्मीळ होत आहेत. युनेस्कोने ध्वनिसंग्रहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह २०१९ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता.

उपाय मात्र आवाक्यातील आहे. कॅसेटच्या मागील कडेची प्लास्टिकची दोन पाने मोडल्यास चुकून नवे मुद्रण होत नाही. भिजलेली वा बुरशी आलेली फीत वाजवून पाहू नये. तासाभराच्या कॅसेटची उत्तम संगणकीय प्रत साधारण एक जीबीत मावते. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या लाखभर ओव्या जमवल्या व त्यांतील हजारो ध्वनिमुद्रित केल्या. तो ठेवा २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर लोकांसमोर येत आहे. गावची ग्रंथालये व महाविद्यालयांचे इतिहास विभाग यांनी घरोघरच्या फितींसाठी असेच काम हाती घेणे अगत्याचे आहे. इमारतींची स्मारके पुढेही बांधता येतील. विरलेला आवाज पुन्हा मिळणार नाही.