कणसें वाढलीं, माणसें घटलीं

आमच्या कित्येक अर्थपंडितांना अमेरिकेचें नांव घेतल्याखेरीज महाराष्ट्राच्या शेतीविषयीं बोलतांच येत नाहीं. शेतावरचीं माणसें कमी करा, तुकडे जोडा, यंत्रें आणा, म्हणजे खेडें सुखी होईल, हा त्यांचा ठरलेला पाठ. तिकडील पीक किती वाढलें हें ते आंकड्यांनिशीं सांगतात; तिकडील खेड्याचें काय झालें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. तेव्हां तेंच विचारूं.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागांतील आयोवा संस्थानांत ९९ कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग. त्यांत क्षेत्रफळानें सर्वांत मोठी कोसूथ. १८५१ सालीं स्थापन झालेल्या या कौंटीला हंगेरीच्या एका स्वातंत्र्यवीराचें नांव दिलेलें आहे. काळीभोर माती, काटकोनांत छेदणारे सरळ रस्ते, भूमीखालीं नळ घालून दलदल निपटून काढलेलीं शेतें आणि दृष्टि पोंचेल तेथवर मका व सोयाबीन. १९४० सालीं येथें साडेसव्वीस हजारांवर वस्ती होती. पुढें महायुद्धांत तरुण मुलें लढाईवर गेलीं तेव्हां, अल्गोना या मुख्य गांवीं १९४४ ते १९४६ पर्यंत असलेल्या छावणींतील जर्मन कैद्यांचे हात शेतकामास उसने घ्यावे लागले. (त्या कैद्यांनीं घडविलेला ख्रिस्तजन्माचा देखावा अल्गोनेस अजून नाताळांत दाखवितात.) २०२० च्या खानेसुमारींत मात्र कौंटीची वस्ती पंधरा हजारांच्या आंत आली.

मका कमी झाला काय? मुळींच नाहीं. एकटा गृहस्थ यंत्रावर बसून पूर्वीच्या कित्येक कुटुंबांची जमीन पेरतो व कापतो. परंतु कुटुंबें गेलीं कीं वाण्याचें दुकान जातें, मागून दवाखाना, आणि अखेर शाळा. टायटोंका गांवची शाळासंस्था २०१४ सालीं अल्गोनेच्या संस्थेंत विलीन झाली. ज्या गांवांत मुलांची गडबड नाहीं, तेथें नवें जोडपें घर कशास घेईल? बरें, एवढा मका माणसाच्या ताटांत तरी पडावा! त्यांतील मोठा भाग जातो डुकरांच्या गव्हाणींत आणि मोटारींत जाळावयाच्या मद्यार्कांत.

लोक स्वखुषीनें शहरांत गेले, असें यावर उत्तर मिळतें. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. १९३६ चा ग्रामीण विजेचा कायदा होण्यापूर्वीं तिकडील बहुतेक शेतघरांत कंदीलच होता. त्या उजेडांत धारा काढणाऱ्या बायकांचे कष्ट आम्ही गोड म्हणणार नाहीं. परंतु १९८० नंतरच्या दशकांत कर्जापायीं ज्यांचीं शेतें गेलीं, तेहि खुषीनें गेले म्हणणें म्हणजे लिलावाला जत्रा म्हणण्यासारखें आहे!

आणि तिकडे निघालेल्याला निदान डे मॉइनसारख्या शहरांत विमा कंपनीची कचेरी तरी होती. आमच्या दोन एकरवाल्याला हे पंडित कोठें पाठविणार? त्याच्या आजाला मुंबईच्या गिरणगांवानें पोसलें. १९८२ च्या संपानंतर तेथील भोंगे एकामागून एक बंद पडले. कोसूथचा मका दाखविणाऱ्यांनीं आधीं त्या माणसाचा पत्ता सांगावा, आणि मग खुशाल त्याला बैल विकावयास सांगावें.