ज्याचे दुखते, त्याचे मत

‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. राज्यकारभारात मात्र तिचा विसर फार लवकर पडतो. गोरगरिबांसाठी योजना आखल्या जातात, त्यांवर कोट्यवधी रुपये खर्च होतात. परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांना ‘तुमची अडचण कोणती?’ असे विचारण्याची रीत अद्याप रुळलेली नाही. सरकारी आरोग्य-विम्याच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

आपल्या सुलतान बाजाराला हा विषय परका नाही. येथील सरकारी प्रसूतिगृह व शेजारच्या कोठीतील आरोग्य खात्याची कचेरी यांच्या वाटेने आपण नित्य जातो-येतो. आदिलाबादकडील मराठी कुटुंबांनाही मोठ्या उपचारासाठी हैदराबाद गाठावे लागते. अशा कुटुंबांना आरोग्यश्री योजनेचा मोठा आधार आहे. ती २००७ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशात सुरू झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगण सरकारने उपचारांची मर्यादा दहा लाख रुपयांपर्यंत वाढविली. शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण टाकण्याची पाळी ज्यांच्यावर येत असे, त्यांना या योजनेचे मोल सांगावयास नको.

पण या योजनेचा कारभार सरकारने नेमलेल्या ट्रस्टकडे आहे. कार्डधारकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींसाठी तेथे राखीव जागा नाही. याचा परिणाम काय होतो, हे सप्टेंबर २०२५ मध्ये दिसून आले. बिले थकल्याच्या कारणावरून तेलंगणातील अनेक खाजगी इस्पितळांनी काही दिवस या योजनेची सेवा थांबविली. वाटाघाटी झाल्या त्या सरकार आणि इस्पितळे यांच्यात. दोघांचीही बाजू असेल. परंतु ज्याची शस्त्रक्रिया लांबणीवर पडली, त्या रोग्याची बाजू मांडणारा त्या बैठकीत कोण होता?

असा प्रतिनिधी असू शकतो, हे आपल्याच देशाने फार पूर्वी मान्य केले आहे. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे त्या योजनेला प्रारंभ झाला. तिच्या महामंडळावर सरकारी अधिकारी व डॉक्टर यांच्याबरोबर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने बसतात. आज ते प्रत्येकी दहा आहेत. १८८३ साली जर्मनीत बिस्मार्कच्या काळी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हाही विमा-निधीच्या कारभारात कामगारांना वाटा देण्यात आला होता.

यावर कोणी म्हणेल की, कामगाराच्या पगारातून हप्ता कापला जातो, म्हणून त्याला अधिकार. आरोग्यश्रीचा कार्डधारक तर एक पैसाही भरीत नाही! हा युक्तिवाद वरवर पटण्याजोगा, पण लंगडा आहे. सरकारी तिजोरी आकाशातून भरत नाही. मोलमजुरी करणारी बाई साबणाची वडी घेते तेव्हा तीही कर भरते. तेव्हा तिला मिळणारा उपचार ही भिक्षा नव्हे, आणि ‘लाभार्थी’ या शब्दाआड तिचे नागरिकत्व झाकले जाता कामा नये.

दुसरा आक्षेप असा की, अडाणी माणसाला वैद्यकशास्त्रातले काय कळते? शस्त्रक्रिया कशी करावी, हे डॉक्टरांनीच ठरवावे, यात वाद नाही. परंतु प्रश्न केवळ शास्त्राचे नसतात. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतच्या औषधांचा खर्च धरलेला असतो. मग सोळाव्या दिवशीच्या गोळीचे काय? तपासणीसाठी पुन्हा शहरात येताना बुडणाऱ्या मजुरीचे काय? मदत-खिडकीवर आपली भाषा कोणाला समजली नाही तर काय? हे प्रश्न हिशेबाच्या वहीत उमटत नाहीत. ते ज्याने सोसले, त्यालाच सुचतात.

केवळ एक खुर्ची दिली म्हणजे काम भागले, असेही नव्हे. वरच्या मंडळावर बसलेला प्रतिनिधी खालच्या माणसाला भेटलाच नाही, तर तोही हळूहळू साहेब होतो. म्हणून त्याने ज्यांचे ऐकावयाचे, त्यांना बोलण्याची जागा हवी. महाराष्ट्रात २००७ पासून ग्रामीण आरोग्य अभियानाखाली काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम झाला. त्यातील जनसुनावणीत गावकऱ्यांनी दवाखान्यातील त्रुटी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून सांगितल्या. थायलंडने तर २००२ च्या आरोग्य-सुरक्षा कायद्यातच नियामक मंडळावर लोकसंघटनांचे प्रतिनिधी घेतले आणि दरवर्षी जनतेचे म्हणणे ऐकण्याचे बंधन घातले.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. योजनेच्या मंडळावर कार्डधारकांसाठी काही जागा राखाव्यात व त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एकदा जाहीर सुनावणी व्हावी. तेथे मांडलेल्या प्रत्येक तक्रारीचे काय झाले, हे तेलुगू, उर्दू व मराठी अशा लोकांच्या भाषांत छापून दवाखान्याच्या भिंतीवर लावावे. बैठकीस येणाऱ्या गरिबाला त्या दिवसाची मजुरी मिळावी. नाहीतर पोट भरलेल्यांचीच तेथे गर्दी होईल.

विद्यार्थी मित्रांनो, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण लोकशाहीची व्याख्या पाठ करतो. परंतु पाच वर्षांतून एकदा मत दिले की लोकशाही संपली, असे नाही. घरातील कार्डावर काय लिहिले आहे ते आजी-आजोबांना वाचून दाखवा. शेजाऱ्याला उपचार नाकारला गेला तर त्याचा अर्ज नीट लिहून द्या. आज त्या अर्जाला उत्तर मागणारी मुलेच उद्या त्या मंडळावर बसण्याचा हक्क मागतील. आजारी माणसाचा आवाज क्षीण असतो. म्हणूनच तो ऐकावयाचा तर कान जवळ न्यावा लागतो.