मोठे हॉस्पिटल जवळ, की ओळखीचा डॉक्टर जवळ?



मागच्या महिन्यात दिमोनाहून माझ्या मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांचे वय ७८. साखर आहे, गुडघे दुखतात, भाऊजी जाऊन दोन वर्षे झाली. मुलगा तेल अवीवजवळ राहतो. तो म्हणतो, "आई, घर विक आणि इकडे ये. इकडे मोठमोठी हॉस्पिटले आहेत." जाऊबाई म्हणाल्या, "तू इतकी वर्षे नर्स होतीस. तूच सांग, काय करू?"

हा प्रश्न आज आपल्या पुष्कळ घरांत आहे, म्हणून उत्तर इथेच लिहिते. माझे मत असे, की म्हातारपणी गाव निवडताना हॉस्पिटलचे नाव आधी पाहू नये. आपल्याला ओळखणारा डॉक्टर, औषधांचे दुकान आणि मदतीला येणारे माणूस किती जवळ आहे, ते आधी पाहावे.

हे मी चुकून शिकले. माझ्या मिस्टरांचे हृदय कमजोर झाले तेव्हा मीच हट्ट धरला आणि आम्ही दिमोना सोडून मध्य भागात एका मोठ्या हॉस्पिटलजवळ गेलो. भाडे इतके, की परवडली ती तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नसलेली जागा. हॉस्पिटलात आम्ही वर्षातून चार वेळा गेलो. बाकीचे दिवस ते घरात बसून असत. जिन्याच्या भीतीने खाली उतरणे बंद झाले. नव्या डॉक्टरांनी विचारले, की ते म्हणत, "बेसेदर." रात्री झोपल्यावर दम लागतो, हे हिब्रूत कसे सांगायचे ते त्यांना सुचत नसे. दिमोनाचा डॉक्टर त्यांचा चेहरा पाहूनच ओळखायचा. एका आठवड्यात वजन तीन किलो वाढले, पाय सुजले, आणि मी नर्स असूनही उशिरा पाहिले. त्यातून ते वाचले. नंतर आम्ही बेर शेवाला आलो. पहिल्या मजल्यावर घर, दोन गल्ल्यांवर कुपत खोलीम, शेजारी मराठी बोलणारे. तिथे त्यांना आणखी पाच वर्षे मिळाली.

म्हणून माझी पहिली सूचना अशी. गेल्या वर्षाचे कॅलेंडर काढा आणि मोजा. घरच्या डॉक्टरकडे किती वेळा गेलात? रक्त तपासायला, औषधे आणायला किती वेळा? हॉस्पिटलात किती वेळा? बहुतेकांचे दवाखान्याचे आकडे मोठे आणि हॉस्पिटलचा लहान निघेल. जिथे वारंवार जावे लागते ते जवळ हवे.

पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. लकवा किंवा हृदयाचा झटका आला, तर वेळच सगळे ठरवते. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, तर ताबडतोब १०१ ला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही जितके लवकर तितके चांगले. दिमोनात हॉस्पिटल नाही. बेर शेवाचे सोरोका सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिस आहे, किंवा जो एकटा असून वारंवार ॲडमिट होतो, त्याने "माझे गाव, माझे घर" म्हणून अडून बसू नये.

आता खर्चाचे. १ जानेवारी १९९५ पासून आरोग्य विम्याचा कायदा आहे. क्लालित, मकाबी, मेउखेदेत, लेउमित, कोणतीही कुपा असो, कायद्याने मिळणारे उपचार दिमोनात आणि तेल अवीवमध्ये तेच आहेत. बितुआह लेउमीची पेन्शनही गाव बदलल्याने वाढत नाही. वाढते ते भाडे. दिमोनाचे घर विकून मध्य भागात घर येत नाही, हे मुलांना कागदावर आकडे मांडून दाखवा. सरकारी भाड्याच्या घरात असाल, तर दुसऱ्या गावी तसेच घर लगेच मिळेल असे धरून चालू नका. आर्नोनाच्या सवलतीसाठी नव्या नगरपालिकेत नवा अर्ज करावा लागतो.

म्हणून नेगेवमधल्या आपल्या लोकांना हलायचेच असेल, तर मी आधी बेर शेवा पाहा म्हणेन. सोरोका गावातच, भाडे मध्य भागापेक्षा कमी, आणि आपली माणसेही आहेत. मूल अश्दोदला असेल, तर तिथे २०१७ पासून असुता हॉस्पिटल आहे. पूर्वी अश्दोदकरांना रेहोवोत किंवा अश्कलोन गाठावे लागे. रामले-लोदला असेल, तर जवळच बेर याकोवला शमीर हॉस्पिटल आहे, जुने आसाफ हारोफे. तुमची कुपा टोफेस १७ कोणत्या हॉस्पिटलसाठी देते, ते मात्र जाण्याआधी विचारा. एखाद्या मोठ्या ऑपरेशनसाठी तेल अवीवला जावे लागले, तर जाऊन यावे. त्यासाठी घर हलवू नये.

घर पाहायला जाल तेव्हा लिफ्ट आणि ममाद आधी पाहा. मग तिथून कुपत खोलीमपर्यंत एकट्याने बसने जाऊन या. मुलगा गाडीने नेईल, हा हिशेब धरू नका. त्यालाही नोकरी आहे.

जाऊबाईंनी कॅलेंडर मोजले. दवाखाना आणि औषधे मिळून ३१ वेळा, हॉस्पिटल दोनदा. घर त्यांनी विकलेले नाही. पेसाखनंतर दोन महिने मुलाकडे राहून, तिथल्या डॉक्टरकडे एकट्या जाऊन पाहणार आहेत. मग ठरवतील. मी त्यांना एवढेच बजावले आहे, की तिथला डॉक्टर विचारेल तेव्हा नुसते "बेसेदर" म्हणू नका. काय दुखते ते आधी मराठीत कागदावर लिहा, नातीकडून हिब्रू करून घ्या आणि तो कागद डॉक्टरपुढे ठेवा.