डॉक्टर बदलले, गोळी मधेच सोडू नका

मनाच्या आजारावर कुणाचे औषध वर्षानुवर्षे चालू असते आणि एक दिवस नेहमीचे डॉक्टर बदलून जातात. नवे डॉक्टर एखादी गोळी कमी करतात, रक्त तपासायला सांगतात, रोग्याला पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाहीत. गिरडहून सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. घरची माणसे वैतागतात, “जुनेच बरे होते” म्हणतात आणि गोळी बंद पडते. वाचकहो, खरा धोका इथेच आहे.

नव्या डॉक्टरांची रीत आधी समजून घ्या. झोपेच्या गोळ्यांची सवय जडते, म्हणून ते त्या कमी करू पाहतात. मात्र त्या एकदम सोडल्या तर झटके येऊ शकतात. कोणत्या आठवड्यात किती कमी करायची, ते लिहून मागा. उदासीवरच्या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत तिला नावे ठेवू नका.

लिथियम चालू असेल तर रक्त, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांची तपासणी टाळून चालत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले, की रक्तातले लिथियम वाढते. हात फार थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नका. त्यानेही लिथियम वाढते.

पहिल्या भेटीला जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटे न्या. नाव निराळे असले तरी आतले औषध तेच असू शकते. न विचारता जुनी-नवी दोन्ही घेतली, तर मात्रा दुप्पट होते. कापूसवेचणीत तारीख चुकली तर काय करायचे, फोनवर सल्ला मिळेल का, जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील का, हे संकोच न करता विचारा. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी निघायची तयारी ठेवा.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याला आजाराची आणि उपचाराची माहिती मागण्याचा हक्क दिला आहे. ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत यादीतली आवश्यक औषधे मोफत द्यावीत, अशीही त्यात तरतूद आहे. हक्काने, पण गोडीने विचारा.

गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला जरूर जा. श्रद्धेने मनाला आधार मिळतो. फक्त त्या दिवशीची गोळी खिशात असू द्या.

घरात कुणी जिवावर उदार झाल्यासारखे बोलू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि लगेच दवाखान्यात न्या. 2022 पासून टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे. हा क्रमांक घरातल्या सर्वांना दिसेल असा भिंतीवर लिहून ठेवा.