विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड नव्हे

“डॉक्टर, टायफॉइड निघालाय,” म्हणत तुम्ही तापाच्या दुसऱ्याच दिवशी काढलेला विडालचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवता. मला त्याचा फारसा उपयोग नसतो. १८९६ सालची ही तपासणी जंतू शोधत नाही, रक्तातल्या अँटिबॉडीज मोजते. पूर्वी होऊन गेलेल्या टायफॉइडमुळे, कधी दुसऱ्याच तापातही त्या वाढलेल्या दिसतात. मग मलेरियाचा रुग्ण आठवडाभर टायफॉइडची औषधं घेत बसतो.

खरी तपासणी ब्लड कल्चर. ती पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी करावी. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, खर्चही जास्त. शिवाय आजार असूनही ती कधीकधी निगेटिव्ह येते. तरी मी तिचाच आग्रह धरतो, कारण जंतू सापडला तर कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं. एकेकाळी हमखास चालणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आता आपल्याकडे बहुतेकदा निकामी ठरतं.

योग्य औषधानेही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. तेवढ्यात डॉक्टर बदलू नका; उतरला म्हणून औषध मध्येच सोडूही नका. पोटात अचानक जोरात दुखलं किंवा शौचातून रक्त गेलं, तर मात्र लगेच रुग्णालय गाठा. आतड्याला छिद्र पडलेलं असू शकतं.