सुजलेल्या गुडघ्याला शेक देऊ नका

हिमोफिलिया असलेल्या मुलाला जरा खरचटलं की घरभर धावाधाव. ‘आता सगळं रक्त वाहून जाणार’ ही समजूत कुठून आली, देव जाणे! त्याचं रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही. गोठवणारा एक घटक, बहुतेकांत आठवा, काहींत नववा, कमी असल्यामुळे ते थांबायला वेळ लागतो. साधं खरचटणं धुऊन, स्वच्छ फडक्याने जरा जास्त वेळ दाबून धरलं की भागतं.

भ्यायचं ते न दिसणाऱ्या रक्ताला. सकाळी मूल म्हणतं, गुडघ्यात कसंतरी होतंय. बघावं तर काही नसतं. दुपारपर्यंत गुडघा हाताला गरम लागतो, पाय सरळ होत नाही. सांध्यात रक्त साचतंय. पण ‘मुका मार असेल’ म्हणून आजी कोमट तेल चोळते, वर शेक देते. माया खरी, उपाय नेमका उलटा; शेकाने आणि चोळण्याने रक्तस्राव वाढतो. पाय उशीवर ठेवा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा आणि लगेच, शक्यतो दोन तासांच्या आत, त्या कमी असलेल्या घटकाचं, म्हणजे फॅक्टरचं, इंजेक्शन मिळेल असं बघा. सूज दिसायची वाट पाहू नका. आतलं दुखणं मुलाला आधी कळतं, त्याचं ऐका. तोच सांधा वरचेवर भरला तर कायमचा आखडतो.

दुखतंय म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कमरेत इंजेक्शनही घेऊ नका, स्नायूत रक्त साचतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालतं. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, मग स्कॅन.

आता सुनेला ऐकवलं जातं त्याविषयी. ‘तुझ्या माहेरचा रोग!’ सदोष जनुक बहुधा आईकडून येतं हे खरं, पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो. आणि असला तरी तिचा काय गुन्हा? बोल लावण्यापेक्षा तिची तपासणी करा. तिच्याही रक्तात तो घटक कमी असू शकतो आणि बाळंतपणात ते जिवावर बेतू शकतं. फॉन विलेब्रँड हा रक्त लवकर न थांबण्याचाच दुसरा आजार तर बायका-पुरुष दोघांनाही होतो. पाळीत फार रक्त जातं आणि बाई वर्षानुवर्षं ते अंगावर काढते, अशा कित्येकींना त्याचं नावही कुणी सांगितलेलं नसतं.

शिक्षकांनो, या मुलाला खेळाच्या तासाला बाकावर बसवून ठेवू नका. कबड्डी, कुस्ती नको, पण पोहणं उत्तम. स्नायू बळकट झाले की सांधे सावरतात.

राज्यातल्या अनेक सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळतो. जवळच्या हिमोफिलिया केंद्रात नाव नोंदवा आणि साठ्याची चौकशी आजच करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला लाजू नका. आणि दाढ काढायची असेल तर खुर्चीत बसण्याआधी दंतवैद्याला आजाराचं नाव सांगा.