थेंबांआधी काचपट्टी

उसाच्या पानाची कड हाताला लागली तर रक्त काढते. डोळ्याला लागली तर रक्त दिसत नाही, म्हणून ती जखम कोणी जखम समजत नाही. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून अहिल्यानगर जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात ऊस वाढतच गेला, आणि पाथर्डी-शेवगावकडील कुटुंबे दिवाळी सरली की कोयते घेऊन तोडणीला निघू लागली. तोडताना, मोळी बांधताना, पाचट झटकताना एखादी पात बुबुळावर घासून जाते. डोळ्यावर पाणी मारून काम पुढे चालू राहते. चार दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड सोसवत नाही आणि बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागतो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘डोळ्यात फूल पडले.’

खरे संकट येथून पुढे सुरू होते. हा ठिपका म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याला झालेला व्रण. तो जीवाणूंमुळे होतो, तसाच बुरशीमुळेही होतो. वाळलेल्या पानांवर आणि मातीत फ्युझेरियम व अ‍ॅस्परजिलस या बुरशींचे बीजाणू असतातच. ओरखड्यातून त्यांना वाट मिळते. नुसते पाहून दोहोंतील फरक ओळखणे अनुभवी नेत्रतज्ज्ञालाही पुष्कळदा कठीण जाते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ मध्ये तीन महिन्यांत अशा ४३४ रुग्णांची तपासणी झाली. ज्यांच्या नमुन्यात जंतू वाढले, त्यांत जीवाणू आणि बुरशी यांचे प्रमाण जवळजवळ समसमान निघाले. याचा अर्थ स्पष्ट आहे: तपासणीविना दिलेले औषध म्हणजे नाणे उडवून केलेला निवाडा.

जीवाणूंवरील प्रतिजैविक बुरशीला काहीच करीत नाही. त्याहून घातक स्टेरॉइडयुक्त थेंब. ते घालताच लाली उतरते, ठणका कमी होतो, रुग्ण दुकानदाराला दुवा देतो. परंतु शरीराचा प्रतिकार मंदावल्यामुळे बुरशी आत खोलवर पसरते. आराम वाटतो त्याच दिवसांत दृष्टी जात असते.

यावरील उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. डोळा बधिर करून नेत्रतज्ज्ञ व्रणाच्या कडेवरून कणभर खरवड घेतात. ती काचपट्टीवर ठेवून तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकतात. या द्रावणाने पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशीचे तंतू मात्र टिकून राहतात व सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. दुसऱ्या पट्टीवर ग्रामचे रंजन केले जाते. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही जीवाणूंचे गट पाडण्यासाठी वापरली जाते. दोन्ही पट्ट्यांचा निकाल त्याच दिवशी हाती येऊ शकतो.

नमुन्याचा उरलेला अंश संवर्धनासाठी जातो, आणि येथे नातेवाइकांचा धीर सुटतो. जीवाणू बहुधा एक-दोन दिवसांत वाढतात. बुरशीला कित्येक दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडेही बशी राखून ठेवावी लागते. ‘रिपोर्ट अजून का नाही?’ असे विचारणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे की तेथे एक जीव स्वतःच्या गतीने वाढत आहे; बँकेच्या खिडकीप्रमाणे त्याला घाई करता येत नाही. तोवर काचपट्टीवर जे दिसले त्याच्या आधारे उपचार चालू होतातच. मग बुरशीची जात कळण्याला महत्त्व कशाचे? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतातील ३२३ रुग्णांवरील चाचणीत नॅटामायसिन हे जुने औषध व्होरिकोनॅझोल या नव्या औषधापेक्षा सरस ठरले, आणि हा फरक प्रामुख्याने फ्युझेरियमच्या रुग्णांत दिसला.

हीच गोष्ट २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघरी पोहोचली, मात्र चुकीच्या नावाने. म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ म्हटले गेले. काळी असते ती मृत झालेली ऊती, बुरशी नव्हे. त्या वेळीही नाकातील नमुन्याची अशीच काचपट्टी निर्णायक ठरत होती. रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू दिसले तर म्युकर. बारीक, पडदे असलेले, लघुकोनात फुटणारे दिसले तर अ‍ॅस्परजिलस असण्याचा संभव अधिक. दुसऱ्यावर चालणारे व्होरिकोनॅझोल पहिल्यावर निरुपयोगी ठरते.

जैन वाचकांना बुरशीची ओळख प्रयोगशाळेने करून देण्याची गरज नाही. दशवैकालिक सूत्रात जे आठ सूक्ष्म सांगितले आहेत त्यांत ‘पनक’ आहे. पनक म्हणजे ओलाव्यावर येणारी बुरशी. कल्पसूत्रात तिचे पाच वर्णही दिले आहेत. चातुर्मासात पापड-लोणच्यांच्या बरण्या निरखणाऱ्या गृहिणीची नजर याच परंपरेतील. संवर्धनाच्या बशीतही वर्ण बोलतो: अ‍ॅस्परजिलसची एक जात काळी, दुसरी पिवळसर हिरवी, फ्युझेरियम पांढरट गुलाबी. शास्त्रकारांचा हेतू जीवरक्षेचा होता, वैद्यकाचा नव्हे, आणि दोहोंची गल्लत करू नये. तरी डोळे उघडे ठेवून सूक्ष्म पाहण्याची सवय समाजाला आहे, एवढे निश्चित.

मग आपले दान या बाजूला का वळत नाही, हा प्रश्न उरतो. आचार्य आनंदऋषीजींच्या नावे नगरमध्ये जैन सोशल फेडरेशनने उभारलेले रुग्णालय आपल्यासमोर आहे. लोणीला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रियागृहासाठी, यंत्रासाठी दाते पुढे येतात, कारण तेथे नावाची पाटी लागते. तालुक्याच्या गावी सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि त्या वाचणारा तंत्रज्ञ यांचा वार्षिक खर्च उचलण्यात पाटीला जागा नाही. ठेवीच्या व्याजावर कायम चालावा असा हा खर्च आहे. मोठ्या देणगीपेक्षा छोटा अक्षयनिधी येथे अधिक उपयोगी पडेल.

गळिताच्या दिवसांत ज्यांच्या शेतावर टोळी उतरते, त्यांनी मजुरांना साधे चष्मे द्यावेत. डोळ्याला पात लागून दुसऱ्या दिवशीही चुरचुर राहिली, तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे आणि आधी वापरलेल्या थेंबांची बाटली सोबत द्यावी. तिच्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते डॉक्टरांना सर्वांत आधी दाखवावे.